मुलांचं रोजचं खेळणं – क्लास लावला म्हणजे झालं का?

शेवंती
नमस्कार मंडळी. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, राहायला पिंपळे सौदागर. मुलगी आठवड्यातून दोनदा बॅडमिंटनला जाते आणि शनिवारी स्केटिंग. परवा क्लास सुटेपर्यंत तिथेच बसून बघत होते, तर तासातला बराचसा वेळ मुलं रांगेत उभी नाहीतर बाकावर, कोर्ट दोन आणि मुलं ढीगभर, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम थोडंसं खेळणं येतं. शाळेत पीटीचा तास आहे पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. सोसायटीत बॉल खेळायला बंदी, तसा बोर्डच लावलाय. नवरा म्हणतो अजून एक क्लास लावू, सासूबाई म्हणतात खाली सोडा, पोरं आपोआप खेळतात. पण खाली सोडायचं कुठे, सगळीकडे गाड्या.
मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे या वयाला नेमकी किती हालचाल लागते, आणि दुसरं, मुलीला स्पर्धा अजिबात आवडत नाही, मॅच म्हटलं की पोटात दुखतं तिच्या, तर अशा मुलीला हालचालीची गोडी कशी लावायची?

कळसूबाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबतच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितलीय, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तरी जोरदार हालचाल आणि स्नायू-हाडांना ताकद देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे काय तर मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही इतका दम लागलेला, आणि जोरदार म्हणजे दोनचार शब्द बोलले की श्वास घ्यायला थांबावं लागतं. ही खूण लक्षात ठेवलीत तर घड्याळबिड्याळ काही लागत नाही. हाडांसाठी जमिनीवर आपटणाऱ्या हालचाली चांगल्या, म्हणजे उड्या, दोरी, लंगडी, पळणं. ताकदीसाठी लोंबकळणं, चढणं, ओढणं, ढकलणं.
तुमच्या धाकट्याचं गणित वेगळं. ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागणारी, आणि एका वेळी तासाभराहून जास्त गाडीत, खुर्चीत, कडेवर अडकवून ठेवायचं नाही. ऐकायला खूप वाटतं पण या वयाची मुलं जिन्यावरून उड्या मारत, गादीवर कोलांट्या घेत ते सहज पूर्ण करतात, आपण फक्त दर मिनिटाला "बस एका जागी" म्हणायचं नाही.
आणखी एक, हालचाल शक्यतो घराबाहेर उजेडात व्हावी. दिवसा बाहेर असलेल्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा चष्मा कमी लागतो हे अभ्यासांत दिसलंय, तैवानमध्ये तर शाळाच मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्यावर भर देतात. तेव्हा इनडोअर कोर्टवरचा तास आणि मैदानावरचा तास यात हाही फरक आहे.

मैदानगडी
क्लासला इतकं वाईट म्हणू नका हो ताई. माझी लेक खो-खो खेळते, पहाटे उठून मैदानावर जाते, सरांनी तिला बसायचं कसं, उठायचं कसं, दिशा कशी घ्यायची हे शिकवलंय, हे बापाला येत नाही. कोच नसेल तर चुकीची सवय लागते आणि मग दुखापती होतात. आणि स्पर्धेनं मूल घडतं, हरायला शिकतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या मैदानावर त्यानंतर नवीन मुली यायला लागल्या. पुढे काहीतरी मोठं आहे हे दिसलं की मुलं टिकतात.

माणदेशी_मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, खेळाचा तास मीच घेतो, म्हणून थोडं मोठं लिहितोय, वाचा.
शेवंतीताई, तुमचा रांगेचा मुद्दा अगदी बरोबर पकडलात, आणि तो फक्त क्लासचा नाही, तो आपल्या खूप खेळांतही आहे. डॉजबॉल घ्या, लंगडी घ्या, संगीत खुर्ची घ्या. बाद झालेलं पोर कडेला बसतं. आणि आधी बाद कोण होतं? जे हळू पळतं, जाड आहे, बुजरं आहे, ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे तेच. तासभर खेळ चालतो आणि ते पोर त्यातला बहुतेक वेळ मातीत रेघोट्या मारतं. मग घरी जाऊन सांगतं मला खेळ आवडत नाही. त्याला खेळ मिळालेलाच नाही, आवडणार कुठून.
म्हणून मी खेळ निवडताना एवढंच बघतो की बाद झालेल्याला परत आत यायची वाट आहे का. विषामृतमध्ये विष मिळालेल्याला दुसऱ्यानं अमृत देऊन सोडवायचं, साखळीत जो पकडला गेला तो साखळीला जोडला जाऊन उलट जास्त पळतो, डबा ऐसपैसमध्ये एकानं डबा उडवला की सगळे सुटतात. यात कोणी बसत नाही आणि हळू पळणारा मुलगाही कुणालातरी सोडवून हिरो होतो. डॉजबॉल खेळायचाच असेल तर बाद झालेल्यानं मैदानाला एक फेरी मारून परत आत यायचं असा नियम करा. फेरी शिक्षा म्हणून नाही हं, आत यायचं तिकीट म्हणून, पोरं पळत सुटतात.
तुमच्या मुलीच्या पोटात दुखतं म्हणालात ना, तिला हे खेळ देऊन बघा. स्पर्धा नको वाटणारी मुलं पाठशिवणी खेळायला नाही म्हणत नाहीत.
दुसरं, पूर्वी वाडीवस्तीवरची मुलं शाळेत चालत यायची, जाऊन-येऊन चांगलं अंतर व्हायचं. आता वडाप, म्हणजे सीटवर चालणाऱ्या जीपा, आणि बापाची मोटरसायकल आली. सरकारच्या फिट इंडिया मोहिमेच्या चाचण्या घेतो आम्ही, मोठ्या मुलांना ५० मीटर आणि ६०० मीटर पळणं, पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम वगैरे, त्यात ६०० मीटरला पोरं पहिल्या दोनशेतच जीव तोडून पळतात आणि मग पोट धरून चालतात, कारण लांब पळायची सवयच गेलीय. आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या) फायनलमध्ये पळाली, दहावी आली. ती सुरुवातीला खो-खोच खेळायची. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुली ताठ बसून ऐकतात.

कळसूबाई
मास्तर, बाद होणाऱ्या मुलांचा मुद्दा लाखमोलाचा लिहिलात.
@मैदानगडी, कोच हवाच, यात वादच नाही. पण एकच खेळ वर्षभर, रोज, लहान वयात, याबद्दल पालकांनी सावध राहावं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकू नये, आठवड्यातला एखाद-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. आणि एक सोपं माप म्हणजे आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, १० वर्षांच्या मुलाला १० तास ही वरची हद्द. माझ्याकडे १०-१५ वर्षांची मुलं गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आणि दुखणं घेऊन येतात, वाढीच्या वयात उड्यांचे आणि पळण्याचे खेळ फार झाले की होतं ते, भार कमी केला की बहुतेकांचं बरं होतं. पण पालक विचारतात "निवड चाचणी आहे, तेवढी होऊ दे का?" तर नाही, आधी गुडघा.
एक गैरसमजही काढून टाकते. ताकदीच्या व्यायामानं उंची खुंटते असं अजून सर्रास म्हणतात. नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामानं उंची खुंटत नाही. जोर, बैठका, मल्लखांब, दोर, सगळं चालतं. आणि बारवर लोंबकळून उंची वाढतही नाही, खांदे आणि पकड मात्र छान होते.

मैदानगडी
वयाएवढे तास हे माहीत नव्हतं, सरांना विचारतो. सुट्टीचा दिवस तर आहेच तिला.

निवांत
माझा मुलगा ११ वर्षांचा, वजन जास्त आहे. त्याला शाळेत मुलं चिडवतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा "काय रे, जरा पळत जा" म्हणतो. आम्ही घरात ठरवलं की त्याच्या हालचालीचा आणि वजनाचा संबंध त्याच्यासमोर कधीच जोडायचा नाही. काट्यावर उभं करणं बंद, "एवढं खाल्लंस आता जा पळून ये" हे वाक्य बंद. कारण एकदा का पळणं ही जेवणाची शिक्षा झाली की तो पळणार नाही, लपून खाईल.
शाळेतही हेच आहे बघा. गृहपाठ नाही केला, मार उठाबशा. बोललास, मैदानाला चकरा मार. ज्या गोष्टीची गोडी लागायला हवी तीच शिक्षा म्हणून वापरायची. मी शाळेत जाऊन बाईंशी बोललो, शांतपणे, बाईंनी ऐकून घेतलं. बाकी पालकांनीही बोलावं असं मनापासून वाटतं.
आमच्या मुलाला सापडलं ते रस्सीखेच आणि पोहणं. रस्सीखेचमध्ये त्याला शेवटी उभं करतात, दोर कमरेला, आणि टीम त्याच्या नावानं ओरडते. त्या दिवशी घरी आला ते वेगळाच चालत आला. तर सांगायचं हे की प्रत्येक मुलाच्या शरीराला काहीतरी जमतं, ते शोधायला वेळ द्या.

सायकलस्वार
आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, दोन मुलं. इथलं सांगतो. पोहण्याला इथे खेळ म्हणत नाहीत, जगण्याची गरज म्हणतात, सगळीकडे कालवे. ए, बी, सी अशा तीन डिप्लोमांच्या परीक्षा असतात आणि त्यात मुलांना अंगात कपडे घालून पोहावं लागतं, कारण कालव्यात पडलात तर स्विमिंग कॉश्च्युममध्ये पडणार नाही. शाळेत मुलं सायकलवर जातात, पावसातसुद्धा, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत रहदारीची परीक्षा असते. म्हणजे रोजची हालचाल ही वेगळा कार्यक्रम नसून जाण्यायेण्यातच होऊन जाते.
पण हे वाचून पुण्यातल्या आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. इथे सायकलचा रस्ता वेगळा आहे, गाडीवाला थांबतो, म्हणून मी मुलांना सोडू शकतो. पिंपळे सौदागरच्या रस्त्यावर मीसुद्धा सोडणार नाही. पालकांची इच्छा कितीही असली तरी फुटपाथ नसेल तर मूल चालणार कुठून, हे नगरसेवकाला विचारायचं काम आहे, आईला नाही.

पारंबी
+१. फुटपाथवर स्टॉल आणि बाइक, आणि मग वर्तमानपत्रात लेख की हल्लीची मुलं चालत नाहीत.

अबोली
कोणीच मुलींच्या १२-१३ वयाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी १३ ची, पाचवीपर्यंत मुलांपेक्षा जोरात पळायची, सातवीत एकदम थांबली. विचारलं तर म्हणे कंटाळा येतो. कंटाळा नव्हता तो. पाळी सुरू झालेली, शाळेचा पीटीचा ड्रेस पांढरा, बाथरूमला कडी नाही, पळताना छाती हलते म्हणून मुलं बघतात, आणि आजीचं सुरू की आता मोठी झालीस, मैदानावर कशाला. एवढ्या सगळ्याला ती "कंटाळा" म्हणत होती.
जगभरचा आकडा आहे की ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, २०१६ च्या माहितीवरचा, आणि त्यात मुलींचं प्रमाण मुलांहून जास्त, ८५ टक्के. मला ते वाचून आश्चर्य नाही वाटलं, माझ्या घरातच दिसत होतं.
आम्ही काय केलं ते सांगते. चांगली स्पोर्ट्स ब्रा आणली, दोन आणल्या म्हणजे धुण्याचं कारण नको. शाळेत चार आया मिळून गेलो आणि गडद रंगाची ट्रॅक पँट चालवून घ्या म्हणून अर्ज दिला, मान्य झाला. हिमोग्लोबिन तपासलं, कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हे फार महत्त्वाचं आहे हो, एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्यात, मग मुलगी दमते, धाप लागते आणि आपण म्हणतो आळशी झाली. पाळीत खेळू नये असं काही नाही, तिला वाटलं तर खेळावं, पोटात दुखत असेल तर बसावं, ठरवणार ती.
आणि वडिलांनी, प्लीज, वडिलांनी मुलींसोबत खेळावं. माझ्या नवऱ्यानं तिच्यासोबत संध्याकाळी बास्केट टाकायला सुरुवात केली, फार बोलत नाहीत दोघं, पण ती रोज बूट घालून तयार असते. मैदानावर सोबत आपलं माणूस असलं की मुली टिकतात असा माझा अनुभव आहे.

कळसूबाई
अबोली, हे वेगळा धागा म्हणूनही टाका, खरंच. हिमोग्लोबिनचं तर प्रत्येक आईनं वाचावं.

माणदेशी_मास्तर
आमच्या शाळेत बाथरूमच्या कडीचं काम गेल्या वर्षी ग्रामपंचायतीकडून करून घेतलं. मुलींची मैदानावरची हजेरी वाढली. क्रीडासाहित्यापेक्षा आधी कडी, हे मला शिक्षक म्हणून उशिरा कळलं, आणि सांगितलं कुणी तर सातवीच्या मुलींनीच.

शेवंती
किती छान लिहिताय सगळे. अबोलीताई, माझी आठच वर्षांची आहे पण हे आत्ताच लिहून ठेवतेय. मास्तर, विषामृत काल खेळलो, आम्ही, शेजारची तीन मुलं आणि माझा नवरा. मुलगी घामाघूम, धाकटा सगळ्यांना अमृत देत सुटला होता. पोटदुखीचं नावही नाही. स्केटिंग सध्या बंद करतोय, बॅडमिंटन तिला आवडतं म्हणून ते राहू दे म्हटलं.
आता अडचण जागेची. पार्किंगमध्ये खेळलो तर सेक्रेटरींचा फोन आला. कोणी सोसायटीत हे सोडवलंय का?

पारंबी
आम्ही सोडवलं, वेळ लागला पण झालं. तक्रार करणाऱ्यांशी भांडण न करता आधी नेमकी तक्रार काय ते लिहून घेतलं. तीनच निघाल्या, गाड्यांच्या काचा, दुपारचा आवाज, आणि मागे घेणाऱ्या गाडीखाली मूल येईल ही भीती. तिन्ही खऱ्या आहेत. मग वार्षिक सभेत ठराव मांडला की संध्याकाळी साडेपाच ते सात मागच्या रांगेत गाडी लावायची नाही, तिथे साखळी आडवी बांधायची, लेदर बॉल आणि टेनिस बॉल बंद, फक्त स्पंजचा बॉल, आणि दुपारी दोन ते पाच कोणी खेळायचं नाही. रोज दोन मोठी माणसं खाली थांबतात, पाळी लावलीय. ज्येष्ठ मंडळींचा विरोध होता तो त्यातले दोघे पंच झाल्यावर गेला, ते आता मुलांना आट्यापाट्या शिकवतायत, खडूनं पाट्या आखून.
साखळी बांधायची अट सोडू नका. गाडी मागे घेताना लहान मूल आरशात दिसत नाही, तिथे तडजोड नको.

निवांत
आमच्याकडे सभेत ठराव पडला. दोनदा. भाडेकरूंना मत नाही आणि लहान मुलं बहुतेक भाडेकरूंचीच. आम्ही मग महापालिकेच्या बागेत जातो, तिथे वॉचमन "गवतावर जाऊ नका" म्हणतो. तरी जातो.

शेवंती
पावसाळ्यात काय करता सगळे? चार महिने इथे संध्याकाळी चिखलच असतो.

सायकलस्वार
रेनकोट घालून बाहेर. पावसानं मूल आजारी पडत नाही, ओलं राहिल्यानं थंडी वाजते एवढंच, घरी आल्यावर लगेच कपडे बदलायचे. वीज कडाडत असेल तर मात्र घरात.

कळसूबाई
तुंबलेलं पाणी तेवढं टाळा, पायाला जखम असेल तर जास्तच. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती असते.

पारंबी
श्रावणात मंगळागौरीचे खेळ घ्या की! आमच्याकडे आई मुलांना, हो, मुलगेसुद्धा, फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या, गाठोडं सगळं घेते. दोन चौरस मीटरमध्ये होतं, खाली शेजारी असतील तर सतरंजी टाका. बसफुगडी घालून बघा स्वतः, मांड्या दुसऱ्या दिवशी सांगतात. गाणी असल्यामुळे मुलं थांबत नाहीत, आणि आजीला शिकवायला मिळतं त्यामुळे तीही उठते खुर्चीतून. शेवंतीताई, तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की येत असणार.

शेवंती
विचारलं. त्यांना सतरा प्रकारच्या फुगड्या येतात असं म्हणाल्या, आणि धाकट्याला आत्ताच कोंबडा घालून दाखवतायत. अहो, इथे पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकडच्या भागात कोणी असाल तर रविवारी सकाळी नदीकाठच्या बाजूला मुलांना घेऊन भेटायचं का? विषामृत आणि साखळीला जितकी मुलं तितकं बरं.

अबोली
मी वाकडला. येते, मुलगी आणि नवरा दोघं येतील. साडेसात चालेल का, नंतर ऊन होतं.

निवांत
आम्ही रहाटणी. येतो. रस्सीखेचचा दोर आमच्याकडे आहे, घेऊन येतो.

शेवंती
साडेसात नक्की. पाणी आणि टोप्या आपापल्या आणा, लहानांना बूट घाला, काचा असतात कधीकधी. मी आधी जाऊन जागा झाडून ठेवते.